सूर्यास्ताआधी जेवण मिळेल

काकींच्या रिसॉर्टच्या फाटकावर दोन पाट्या होत्या. एकीवर रिसॉर्टचं नाव होतं, ते वाचायला कुणी थांबत नसे. दुसरीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘सूर्यास्ताआधी जेवण मिळेल. नंतर मिळणार नाही.’ पुण्याहून आलेली माणसं ती वाचून हसायची. त्यांना वाटायचं, काहीतरी गंमत असेल. संध्याकाळी साडेपाचला काकी स्वतः घंटा बडवायला लागल्या की मग त्यांची धावपळ व्हायची. कुणी नुकतीच अंघोळ करून आलेला असायचा, कुणी ओल्या चड्डीत असायचा, आणि पुढ्यात गरम फुलके, मुगाची डाळ, भोपळ्याची भाजी. कांदा नाही, बटाटा नाही, लसूण तर नाहीच.

आज डिंभे धरणाच्या त्या काठावर ओळीनं रिसॉर्ट आहेत. पोहायचे निळे हौद आहेत, रात्री गाणी लागतात, तंदूरचा वास रस्त्यापर्यंत येतो. तेव्हा मात्र त्या काठाला काकींच्या चार खोल्या आणि थोडी घरं सोडली तर काहीच नव्हतं. पाणी, करवंदीच्या जाळ्या, आणि आली तर आली अशी एसटी.

मी चोवीस वर्षांचा होतो. नव्वदीची शेवटची वर्षं. गाव माझं निमगाव सावा, आणि नेमणूक झाली धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका वस्तीवरच्या शाळेत. रोज सकाळी होडीनं पलीकडे जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. राहायला जागा कुठेच मिळेना. शेवटी होडीवाल्या गेनभाऊंनी मला काकींसमोर नेऊन उभं केलं. काकींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, “गुरुजी, पहाटे उठता का?” मी हो म्हणालो. त्या ‘हो’चा अर्थ मला दुसऱ्या दिवशी पहाटे कळला.

पहाटे साडेपाचला माझ्या दारावर धडाधड थापा पडल्या. मला वाटलं आग लागली. दार उघडलं तर काकी उभ्या, डोक्यावरून पदर, हातात कंदील. “चला लवकर. आजचं पाणी लई येगळं झालंय. दहा मिनिटांत जाईल ते.” शेजारच्या खोलीतला एक मिलमधला मॅनेजरही ब्लँकेट गुंडाळून बाहेर आला होता. आम्ही तिघं ओट्यावर उभे राहिलो. मला पाणी पाण्यासारखंच दिसत होतं. काकी मात्र हरखून गेल्या होत्या. “बघा, मधी आमसुली हाय आणि कडंला राखी. काठ कसा सुटून दिसतोय.”

त्या कापडवाल्यांच्या घरातल्या होत्या. दोन-तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून येऊन नारायणगावात स्थायिक झालेलं जैन कुटुंब, बाजारपेठेत साड्यांचं दुकान. तीस वर्षं त्यांनी गादीच्या मागच्या खोलीत बसून साड्यांच्या घड्या घातल्या होत्या. जगातला कुठलाही रंग त्यांना साडीच्या रंगातूनच दिसायचा. दुपारचं पाणी चिंतामणी, ढग आले की अंजिरी, ऑक्टोबरात मोरपंखी. चारी खोल्यांच्या खिडक्यांना पडदे म्हणून त्यांनी अख्ख्या साड्याच लावल्या होत्या, न कापता, चुण्या घालून. कापडाला कात्री लावायची त्यांना हौस नव्हती.

नवरा गेल्यावर त्या एकदा मुलाबरोबर जीप करून ही जमीन बघायला आल्या होत्या. नवऱ्यानं कधीतरी द्राक्षं लावायच्या विचारानं ती घेऊन ठेवली होती. मुलगा मोजणीची माणसं घेऊन वर गेला आणि काकी खाली एका दगडावर बसल्या. संध्याकाळी तो परत आला तेव्हा त्या तिथंच बसलेल्या होत्या. म्हणाल्या, मी आता इथं राहणार. मुलाला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत खोल्या उभ्या होत्या.

रिसॉर्ट कसं चालवतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. कुणी बाटल्या घेऊन आलं तर त्या रागवायच्या नाहीत. बाटल्या मागून घ्यायच्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी चिकटवायच्या, लोखंडी कपाटात ठेवायच्या आणि सकाळी निघताना मोजून परत द्यायच्या. मासे मागितले तर बोट दाखवायच्या. “ते तिकडं, हौसाबाईच्या घरी. बेस करती म्हणत्यात. पन ताट तिचं, माझं न्हाई.” हौसाबाई म्हणजे गेनभाऊंची बायको. त्यांचं घर हाकेच्या अंतरावर होतं आणि काकींची त्यांच्याशी दाट मैत्री होती. एकीच्या घरात मासळी रोजची आणि दुसरी पाणी तीनदा गाळून पिणारी, तरी दोघी दुपारभर ओट्यावर बसून तांदूळ निवडायच्या.

पहाटेच्या थापांवर एक जण फार चिडला होता. मी इथे झोपायला आलोय, असं म्हणून त्यानं बॅग भरली आणि गेला. दोन महिन्यांनी तो परत आला, आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन. आईला पहाटे उठवा, एवढंच म्हणाला.

अशा या काकी पाण्यात मात्र कधी पाऊल टाकत नव्हत्या. होडीत बसत नव्हत्या, काठावर पायसुद्धा बुडवत नव्हत्या. पाण्याच्या थेंबाथेंबात जीव असतात, उगाच ते का चिरडायचे, असं त्या सांगत. पाच-सहा वर्षं त्यांनी ते पाणी फक्त काठावरून पाहिलं होतं. आमची काळजी मात्र त्यांना फार. तेलाचे पाच लिटरचे रिकामे प्लास्टिकचे डबे त्यांनी नारायणगावहून मागवले, बुचं घट्ट लावली आणि दोन-दोन डब्यांना नाडी बांधून होडीत ठेवले. होडीत बसणाऱ्यानं ते काखेखाली बांधायचे असा त्यांचा हुकूम होता. बायका हसून हसून बेजार व्हायच्या. गेनभाऊ काकींसमोर बांधायचे आणि होडी वळणाआड गेली की काढायचे. मीही त्यातलाच.

ऑगस्टचे शेवटचे दिवस होते. शाळा सुटल्यावर मी होडीत बसलो. भाताच्या खाचरांतलं तण काढून, बेणणी करून परतणाऱ्या सहा बायका होत्या, त्यांत हौसाबाई. वल्ह्यावर गेनभाऊ. एकीनं डबे उचलले तर मीच म्हणालो, राहू द्या, दहा मिनिटांचं तर पाणी आहे. हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

काठ शंभर-सव्वाशे फुटांवर राहिला होता. काकींच्या ओट्यावर बसलेले दोन पाहुणे मला स्पष्ट दिसत होते. तेवढ्यात डोंगराकडून वाऱ्याचा एक लोट आला. होडी कलली, बायका घाबरून एकदम एका बाजूला सरकल्या आणि काय झालं ते कळायच्या आत आम्ही सगळे पाण्यात होतो.

मला विहिरीत पोहायची सवय होती. वर आलो तेव्हा होडी पालथी पडलेली दिसली, आणि होडीतले डबे वाऱ्यानं केव्हाच लांब गेले होते. पाच बायकांनी कशीबशी तिची कड धरली होती, गेनभाऊ त्यांतल्या दोघींना एका हातानं आवळून होते. वारा काठाकडून आत वाहत होता, त्यामुळे होडी सगळ्यांना घेऊन हळूहळू खोल पाण्याकडे निघाली होती. हौसाबाई कुठेच दिसत नव्हत्या. मी बुडी मारली. काही हाती लागलं नाही. दुसऱ्यांदा खाली गेलो तेव्हा हाताला केस लागले. अंबाडा धरून त्यांना वर ओढलं तर त्यांनी माझ्या गळ्याला अशी मिठी मारली की आता आम्ही दोघंही जाणार, असं मला वाटलं.

काठावर काय चाललं होतं ते मला नंतर त्या पाहुण्यांनी सांगितलं. काकी ओरडल्या नाहीत. त्या खोल्यांत शिरल्या आणि एकेका खिडकीची साडी दांडीसकट खेचून बाहेर फेकायला लागल्या. पाहुण्यांना म्हणाल्या, टोकाला टोक बांधा, गाठ ओली करून आवळा. त्यांच्या कपाटातल्या दोन साड्या, दोरीवर वाळत घातलेली एक, अशा मिळून सात-आठ साड्यांचा लांब दोर झाला. त्याच्या टोकाला त्यांनी घरात उरलेले दोन डबे बांधले आणि दोर पाण्यात सोडला. वारा आत वाहत होता, तोच आता उपयोगी पडला. डबे तरंगत, उड्या मारत आमच्याकडे येऊ लागले. पण दोर पुरेना. वीसेक फूट कमी पडत होता.

हौसाबाईंना कसंबसं पाण्यावर धरून मी मान वळवली तेव्हा काकी पाण्यात उतरत होत्या. गुडघे, कंबर, छाती. साडीचं टोक त्यांनी मनगटाला गुंडाळलं होतं. पाणी हनुवटीला टेकलं तिथं त्या थांबल्या. त्यांच्यामागे एक पाहुणा, त्याच्यामागे दुसरा, अशी हाताला हात धरलेली साखळी काठापर्यंत झाली होती. काकी तिथून एकेकीला नावानं हाक मारत होत्या. “चंद्रे, डबा धर. सोडू नको. गुरुजी, हौसाला आधी द्या.” आवाज अगदी शांत, घंटा वाजवून जेवायला बोलावतात तसा.

डबे माझ्या हाताला लागले. हौसाबाईंचे हात मी त्या नाडीत अडकवले, होडीच्या कडेला साडी गुंडाळली आणि तिकडून काकी नि पाहुणे ओढायला लागले. आठ माणसं आणि एक पालथी होडी, सगळं त्या साड्यांवर काठाला लागलं. एकही गाठ सुटली नाही.

हौसाबाईंना ओट्यावर पालथं घातलं, पोटातलं पाणी निघालं, त्या खोकल्या आणि रडायला लागल्या. मग सगळ्याच रडल्या. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगावरून पाणी गळत होतं, दात वाजत होते. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “तुमाला कुनालाच पवायला येत न्हाई?”

बाकीच्यांनी माना हलवल्या. हौसाबाईच म्हणाल्या, “आमाला कुटनं येनार, काकी? आमची नदी गुडघ्याएवढी व्हती. आमी काय पान्याकडं आलो न्हाई. पानी आमच्याकडं आलं.”

त्यांचं सगळं गाव धरणात गेलं होतं. त्या बायका वर सरकत सरकत या काठावर येऊन राहिल्या होत्या आणि इतकी वर्षं त्या पाण्याला भिऊन, त्याच पाण्यावरून रोज ये-जा करत होत्या. काकींच्या तोंडावर मी तेव्हा जे पाहिलं ते सांगणं अवघड आहे. रोज पहाटे ज्याच्यासाठी त्या लोकांची दारं वाजवत होत्या, त्याच्याखाली ही घरं होती, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते त्यांच्या अंगाला तेव्हा पहिल्यांदा लागलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तीन दिवसांचा उपवास धरला, पाण्यात उतरल्याचं प्रायश्चित्त म्हणून. चौथ्या दिवशी जीपनं नारायणगावला गेल्या. तिथं चातुर्मासासाठी साध्वीजी आलेल्या होत्या, त्यांच्याशी बोलून आल्या. साध्वीजी काय म्हणाल्या ते त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मला म्हणाल्या, “गुरुजी, दसऱ्यापासून तुमी आमाला पवायला शिकवायचं. मला आणि या समद्यांना.”

मी म्हणालो, काकी, तुमचं वय साठीला आलं. त्या म्हणाल्या, म्हणूनच लवकर शिकवा.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा हिवाळा होता. काकींच्या खोल्यांखाली पाण्याचा एक उथळ कोपरा होता. रविवारी सकाळी ऊन आलं की तिथं बारा-तेरा बायका काष्टा घालून, काखेत तेलाचे डबे बांधून उभ्या राहायच्या आणि मी काठावर शाळेतल्यासारखा हात वर-खाली करून दाखवायचो. नवरे माणसं लांबून बघायला यायची, शेरे मारायची. एकदा काकींनी त्यांच्यातल्या दोघांना बोलावून पाण्यात उतरायला सांगितलं. दोघांनाही पोहता येत नव्हतं. त्यानंतर शेरे बंद झाले. चंद्राबाई तिसऱ्याच आठवड्याला डब्याशिवाय तरंगल्या. हौसाबाई महिनाभर नुसत्या काठावर बसून होत्या. मग एक दिवस काही न बोलता उठल्या आणि उतरल्या.

काकी सगळ्यांत कच्च्या होत्या. पाय खाली जायचे, नाकात पाणी जायचं. पण बाहेर यायच्या त्या चेहरा असा करून, जणू आताच कुठून तरी जाऊन आल्या. “आतून निराळंच असतंय हो गुरुजी. कुनी सांगितलं न्हाई मला.” पोहण्याच्या दिवशी त्या एकदाच जेवायच्या. तो त्यांचा आणि त्यांच्या धर्माचा आपसातला हिशेब होता, त्यात आम्ही पडलो नाही.

ही बातमी नारायणगावला पोचायला वेळ लागला नाही. मुलगा आला तो सामान न्यायला टेम्पो घेऊनच. भला माणूस, पस्तिशीचा, हळू बोलणारा. आधीच बुडालेल्या होडीची गोष्ट ऐकून त्याची झोप उडाली होती, त्यात हे. बाजारपेठेत लोक विचारतात, तुमची आई बायकांना घेऊन पाण्यात काय करते. तो मला म्हणाला, गुरुजी, तुम्ही तरी समजावा. काकी तेव्हा पाण्यातच होत्या. तो काठावर आला.

“आई, बास झालं आता. घरी चल.”

“हितं घर हाय माझं.”

“उद्या तुला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? एवढीच हौस असेल तर हे पाणी पार करून दाखव. मग राहा जन्मभर. मी एक शब्द बोलणार नाही.”

तो रागानं बोलला होता. पलीकडचा काठ जेमतेम दिसत होता. काकींनी डब्यांवर हात टेकले, पलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “रामनवमीनंतर ये. तवा पानी कमी असतंय.”

टेम्पो रिकामा परत गेला. पण मुलगा शब्दाचा पक्का होता आणि काकीही. पार करता आलं नाही तर त्या नारायणगावला जातील, हे दोघांमध्ये ठरल्यासारखंच झालं. मी त्या दिवसांत नीट झोपलो नाही. काकींना त्या वेळी डब्याशिवाय वीस हात पोहायला यायचं आणि मग दम लागायचा. रामनवमीपर्यंत मग रविवारची वाट न बघता आम्ही रोज सकाळी सराव केला.

एप्रिलात पाणी उतरलं, दोन्हीकडे लाल चिखलाचे पट्टे उघडे पडले आणि मधलं अंतर बरंच कमी झालं. तरीही ते चांगलं अर्धा तास पोहण्याचं अंतर होतं. मुलगा सांगितल्याप्रमाणे ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी आला. सकाळी सातला आम्ही निघालो. होडीत गेनभाऊ, मी आणि मुलगा. मुलानं दोन डबे मांडीवर घट्ट धरून ठेवले होते, त्यालाही पोहता येत नव्हतं. पाण्यात काकी आणि सात बायका. काकींनीही दोन डबे घ्यावेत असं मी शेवटपर्यंत विनवलं. त्यांनी ते हौसाबाईंच्या कमरेला बांधायला लावले आणि म्हणाल्या, लागले तर तिच्याकडनं घीन.

निम्म्यापर्यंत ठीक चाललं. मग काकींचा वेग मंदावला. त्या उताण्या होऊन तरंगायला लागल्या, तेवढं त्यांना छान जमायचं. मुलगा उभा राहिला, होडी हलली, गेनभाऊंनी त्याला खाली बसवलं. “आई, पुरे. मी काही म्हणत नाही, तू वर ये,” असं तो म्हणत होता. काकींनी ऐकलं की नाही कोण जाणे. हौसाबाई त्यांच्याजवळ पोहत आल्या. मला वाटलं, डबे देणार. त्यांनी डबे दिले नाहीत. त्या बोलायला लागल्या.

“काकी, आता आपन आमच्या वावरावर हाय. हितं खाली आंब्याचं झाड व्हतं, शेंदऱ्या आंबा. त्येच्या पल्याड चंद्राचं खळं.” मग चंद्राबाई बोलायला लागल्या, मग तिसरी. खाली काय होतं ते त्या सांगत होत्या, कुठे गोठा, कुठे वाट, कुणाचं लग्न कुठल्या मांडवात लागलं. त्या गावावरून पोहत होत्या, आणि त्या गावाबद्दल एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. काकी उताण्या होत्या, त्यांचं सगळं ध्यान त्या बोलण्याकडे होतं. थोड्या वेळानं त्या वळल्या आणि हात मारायला लागल्या. दहा हात, मग उताणं. दहा हात, मग उताणं. हौसाबाई शेजारून पुढचं पुढचं सांगत होत्या. शेवटचे पन्नास फूट होडीत कुणी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही.

पलीकडे काकींचे पाय चिखलाला लागले तेव्हा त्यांना उभं राहता येईना. बायकांनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना एका खडकावर बसवलं. मुलगा होडीतून उडी मारून चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला, तसाच चालत त्यांच्याजवळ गेला आणि टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

काकी धापा टाकत, ज्या काठावरून आल्या त्या काठाकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी आपल्या खोल्या या बाजूनं कधीच पाहिल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, “लई गंजलाय रे छपराचा पत्रा. खालनं कळत न्हाई. नारायणगावातनं रंगारी पाठव.”

मुलानं तिकडे पाहिलं. टॉवेल नीट केला.

“सोमवारी पाठवतो,” तो म्हणाला.